‘थार्सेइते’ : आनंद की धीर?

प्रश्न : बायबलच्या नव्या करारातील योहान 16:33 मध्ये येशूच्या तोंडी असलेल्या ‘थार्सेइते’ या ग्रीक क्रियापदाचे भाषांतर 1611 च्या इंग्रजी बायबलमध्ये ‘प्रसन्न राहा’ अशा अर्थाचे, तर मराठीत ‘धीर धरा’ असे आहे. मूळ ग्रीकला जवळचे कोणते?

उत्तर : निःसंशय मराठी. समुद्राकाठी कोंडीत सापडलेल्या इस्राएलांना मोशेने म्हटलेले ‘भिऊ नका’ (निर्गम 14:13) जुन्या कराराच्या प्राचीन ग्रीक भाषांतरात ‘थार्सेइते’ असेच आले आहे. नव्या करारात हे क्रियापद केवळ आज्ञार्थी असून, आंधळ्या बार्तीमयाला धीर देणारे लोक सोडले तर ते येशूच्याच तोंडी येते.

उत्तर : थोडी भर घालतो. वादळात सापडलेल्या तारवावर पौल जे क्रियापद वापरतो (प्रेषितांची कृत्ये 27:22), ते ‘एउथुमेओ’. त्यात मात्र मनाच्या प्रसन्नतेची छटा आहे, म्हणूनच याकोब 5:13 त्याची सांगड स्तोत्रगायनाशी घालते. त्या इंग्रजी भाषांतराने दोन्हींसाठी एकच शब्दप्रयोग योजला आणि घोटाळा तिथेच झाला.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. आता मत्तय 9:2 मधील पक्षाघाती मनुष्याला उद्देशून आलेले ‘थार्सेइ’ (त्याचेच एकवचनी रूप)ही त्याच अर्थाने वाचेन.