पंप कॅबिनेटला आवळावा की मोकळा ठेवावा?

खटपट्या, रत्नागिरी

कॉम्प्युटर पाण्याने गार ठेवायच्या घरी जुळवलेल्या वॉटर कूलिंगमध्ये पंप चार स्क्रूंनी थेट कॅबिनेटच्या पत्र्याला आवळायची पद्धत बंद व्हावी, असं माझं ठाम मत आहे. पंप स्वतः फार बोलत नाही, बोलतो तो पत्रा. खाली फणसाच्या फळ्यांचं टेबल किंवा माळ्याची लाकडी जमीन असली तर तीही सुरात सूर मिसळते.

तपासायचं असेल तर स्क्रू काढा आणि चालू पंप हातावर तोलून धरा. आवाज विरला तर दोष बसवण्यात आहे. तसाच राहिला तर दोष पंपात किंवा नळीत अडकलेल्या हवेत आहे. मग खालचं काही वाचू नका.

उपाय स्वस्त आहे. १० मिमी जाडीचा मऊ निओप्रीन (एक कृत्रिम रबर) स्पंज घ्या, १५ × १५ मिमीचे चार तुकडे कापा आणि पंपाच्या बैठकीच्या चार कोपऱ्यांखाली ठेवा. बहुतेक जण अख्खा तुकडा पसरतात आणि "काही फरक पडत नाही" म्हणतात. पडणार कसा? टॉप (पंपावरचं झाकण), टाकी आणि पाणी धरून पंपाचं वजन किलोभर. ते ८० × ८० मिमीवर पसरलं तर स्पंज दबतच नाही, आणि दबला नाही तर कंपन अडवतही नाही. व्हर्नियरने आधीची आणि नंतरची उंची मोजा. १ मिमी दबला तर बैठकीची नैसर्गिक वारंवारता, म्हणजे धक्का दिल्यावर ती आपोआप ज्या गतीने डोलते ती, सुमारे १६ हर्ट्झ येते. पंपाची वारंवारता तिच्या जितकी वर, तितकं कंपन अडतं. पंप २४०० आरपीएमवर, म्हणजे ४० हर्ट्झवर असेल तर जेमतेम पाचवा हिस्सा कंपन पत्र्यापर्यंत पोचतं. पाव मिमीच दबला तर हीच वारंवारता ३२ हर्ट्झच्या आसपास जाते आणि कंपन उलट दीडपटीहून जास्त होतं. चुकीचं रबर स्क्रूपेक्षा वाईट, ते असं.

नळीवाला, मालवण

असहमत. तुम्ही रोगाऐवजी लक्षणावर औषध देताय. डी-५ मॉडेलचा पंप ४८०० आरपीएमवर पळवायचा आणि मग स्पंज शोधत फिरायचं, हे कशाला? असंतुलनाचा धक्का वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग निम्मा केला की धक्का चौथाईवर येतो, तोही फुकटात.

"आमच्याकडे मे महिन्यात खोलीच ३३-३४ अंशांवर, म्हणून पंप जोरात हवा" हा युक्तिवाद नेहमी ऐकू येतो. हिशोब करून बघा. ३०० वॅट उष्णता आणि मिनिटाला ४ लिटर प्रवाह असेल तर पाणी एका फेरीत साधारण १ अंश तापतं. प्रवाह २ लिटरवर आणला तर २ अंश. फरक एवढाच. पाणी खोलीच्या तापमानाखाली तर जाणारच नाही, पंप कितीही पळवा. गरमी काढायची तर रेडिएटर वाढवा. पंप २००० ते २४०० वर ठेवा आणि नीट आवळून बसवा. किलोभर वजन मोकळं सोडलं की ते शेवटी नळीच्या जोडावर, म्हणजे फिटिंगवर लटकतं आणि गळती तिथूनच सुरू होते.

खटपट्या, रत्नागिरी

वेग कमी करा, त्यावर वाद नाहीच. पण वेग उतरला की वारंवारताही उतरते, हे तुम्ही सोडून दिलंत. १८०० आरपीएम म्हणजे ३० हर्ट्झ. तिथे १ मिमी दबलेली बैठक पाचवा नव्हे, तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कंपन खाली सोडते. म्हणजे हळू पंपाला आणखी मऊ बैठक लागते. आवळलेल्या पंपाला तर यातलं काहीच मिळत नाही.

गिरमिट, वेंगुर्ला

मूळ धाग्यातला हिशोब स्थिर वजनाचा आहे. स्पंज आणि रबर कंपनात त्याहून ताठर वागतात, त्यामुळे खरी वारंवारता कागदावरच्यापेक्षा वरच निघते. १ मिमीवर थांबू नका, २ मिमी दाबाचं लक्ष्य ठेवा. कागदावर ती ११ हर्ट्झ येते. तुकडे १२ × १२ मिमीचे करून बघा.

सामानाबद्दलही बोलू. गादीचा साधा फोम आपल्या दमट हवेत काही काळाने चिकट होतो आणि भुगा पडतो. निओप्रीन किंवा ईपीडीएम (हेही कृत्रिम रबरच) घ्या. रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराच्या बाजूला बोटींच्या इंजिनाचे रबर माउंट मिळतात ते मजबूत असतात, पण कित्येक किलोंच्या भारासाठी बनवलेले. एका किलोखाली ते दबणारच नाहीत. रबर बॉबिन (दोन्ही टोकांना स्क्रू असलेले रबराचे ठोकळे) वापरायचे तर सर्वांत मऊ आणि लहान, आणि दोन्ही टोकांचे स्क्रू वेगळे असलेले. आरपार बोल्ट घातला की रबर नुसतं शोभेला, कंपन लोखंडातून सरळ पत्र्यात. स्क्रू ३१६ स्टेनलेसचे घ्या. खाऱ्या वाऱ्यात झिंक चढवलेले टिकत नाहीत आणि गंजलेला स्क्रू उलगडताना बॉबिनच पिळून तुटतो.

काथ्याकूट, कुडाळ

काथ्याच्या गादीचा तुकडा का नको? रबर मारलेला काथ्या छान लवचिक असतो आणि इथे जवळपास फुकट मिळतो.

गिरमिट, वेंगुर्ला

लवचिक आहे, कबूल. पण पावसाळ्यात ओल धरतो, तंतू सुटून पंख्यात आणि रेडिएटरच्या पात्यांत जातात, आणि फिटिंग पाझरलं तर पाणी आत जिरून गळती लक्षातच येत नाही. कॅबिनेटच्या खाली, बाहेरून घालायला चालेल.

दर्याकिनारो

तुमचा सगळा बरोबर आसा, पण पयलो छताचो पंखो बंद करा आणि मगे पंपाचो आवाज आयका. अर्ध्यांका स्पंज लागाचोच नाय.

नळीवाला, मालवण

दर्याकिनारोंना +१. आणि कडक नळ्यांचं काय? पंप स्पंजवर आणि त्याला जोडलेली अॅक्रिलिकची नळी थेट रेडिएटरला, मग कंपन नळीतून जाणार.

खटपट्या, रत्नागिरी

मुद्दा रास्त आहे. पंपाच्या दोन्ही बाजूंना १५-२० सेंमी मऊ ईपीडीएम नळी हवी, तीही थोडा बाक देऊन, ताणून नाही. वजन फिटिंगवर येण्याची भीतीही त्यानेच जाते, कारण पंप तुकड्यांवर बसलेला असतो आणि नळी फक्त पाणी नेते. पंप सरकू नये म्हणून वरून झिप टाय बांधा, पण बोट जाईल इतकी सैल. आवळलीत तर तिथून परत पूल तयार.

गिरमिट, वेंगुर्ला

डीडीसी या दुसऱ्या मॉडेलच्या पंपवाल्यांसाठी वेगळी सूचना. डी-५ आपली उष्णता बरीचशी पाण्यात सोडतो, डीडीसीचा तळ मात्र तापतो. त्याच्या पोटाला स्पंज चिकटवलात तर सर्किट भाजेल. तुकडे फक्त कोपऱ्यांवर ठेवा आणि खालून हवा खेळू द्या. त्याचा सूर मुळात वरच्या पट्टीतला असतो, त्यामुळे मऊ बैठकीवर तो डी-५ पेक्षा जास्त सुधारतो.

आणि हे सगळं नळ्यांतली हवा काढल्यानंतर. त्यासाठी एसएमपीएसवर (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायवर) फक्त पंप ठेवा, बाकी सगळ्या केबली काढा, २४ पिनच्या कनेक्टरमधली १६ आणि १७ नंबरची पिन तारेने जोडा आणि कॅबिनेट चारही बाजूंना कलवत पंप चालवा. टाकीत पाणी असल्याशिवाय क्षणभरही नाही, बेअरिंगला वंगण त्या पाण्याचंच. परतीच्या नळीचं तोंड पाण्याच्या पातळीखाली नसेल तर खळखळ कधीच थांबणार नाही, स्पंज कुठलाही घाला.

नळीवाला, मालवण

ठीक, टेबलावर कायम राहणाऱ्या कॅबिनेटला मोकळा पंप मान्य. पण ज्यांचं मशीन गणपतीला मुंबईहून गावी आणि परत असं हिंडतं, त्यांनी आवळूनच बसवावा. नाहीतर प्रत्येक वेळी निघताना पंपाच्या चारही बाजूंना पुठ्ठा ठोसायचा आणि पोचल्यावर तो काढल्याशिवाय बटण दाबायचं नाही.