एचडीएलमध्ये औषध भरलं तर ते ट्यूमरलाच जाईल कशावरून?

औषधवेडी:
एम फार्मच्या सेमिनारला लिपोप्रोटीन नॅनोपार्टिकल (चरबी आणि प्रोटीनचे अतिसूक्ष्म कण, त्यात औषध भरून न्यायचं) घेतलंय. एचडीएल (रक्तातून कोलेस्टेरॉल नेणारा असाच कण) शरीराचंच असल्यामुळे इम्यून सिस्टीम त्याला पटकन हुडकत नाही आणि साईज जेमतेम १० नॅनोमीटर, इथपर्यंत कळलं. पण टार्गेटिंगचं काय? सगळे पेपर एसआर-बी१ रिसेप्टर (पेशीवरचं एचडीएलला पकडणारं प्रोटीन), एसआर-बी१ रिसेप्टर म्हणतात, पण तो तर लिव्हरवर पण भरपूर असतो ना? मग औषध तिकडेच नाही का जाणार?

उंदीरमामा:
बरोबर शंका आलीय तुला, गाईड हेच विचारणार बघ. काही कॅन्सर पेशींना वाढायला कोलेस्टेरॉल फार लागतं म्हणून त्या एसआर-बी१ वाढवतात, त्यावरच सगळा खेळ आहे. गंमत म्हणजे हा रिसेप्टर अख्खा कण गिळत नाही, नुसता आतला माल काढून घेतो आणि रिकामा कण परत सोडून देतो, म्हणजे औषध लायसोसोममध्ये (पेशीच्या पचवणाऱ्या पिशवीत) अडकून पडत नाही. एलडीएल (कोलेस्टेरॉल नेणारा दुसरा कण) मात्र त्याच्या रिसेप्टरसकट आत ओढला जातो (ब्राउन-गोल्डस्टीनचं १९८५चं नोबेल याच कामाला). पण लिव्हर आणि ॲड्रिनल (किडनीवरच्या ग्रंथी) आपला वाटा घेणारच, ते टळत नाही.

वाचक_फक्त:
म्हणजे लिव्हरचा आजार असेल तर उलट फायदाच की!

उंदीरमामा:
हो ना! २०१८ला मान्यता मिळालेलं पॅटिसिरान (लिव्हरमध्ये बनणारं एक त्रासदायक प्रोटीन कमी करणारं औषध) बघ, ते लिपिड नॅनोपार्टिकल आहे, लिपोप्रोटीन नाही, पण रक्तात गेल्यावर त्याला एपोई हे रक्तातलं प्रोटीन चिकटतं आणि त्याच्या जोरावर ते लिव्हरच्या पेशीत शिरतं. पत्ता आपण लिहिलाच नाही, रक्तानेच लिहिला.

ताई_लॅबवाली:
टार्गेटिंगच्या आधी औषध आत टिकतं का ते बघ बाई. पॅक्लिटॅक्सेलसारखं तेलकट औषध बसतं, पाण्यात विरघळणारं असलं की रक्तात जाताच निसटून जातं आणि मग तुमचा रिसेप्टर बसला वाट बघत.

आणि कण बनवायचाच असेल तर सुरुवात डीएमपीसी या लिपिडने कर. दुधाळ लिपिडमध्ये एपोए-१ (एचडीएलचं मुख्य प्रोटीन) टाकायचं, २४ डिग्रीला ठेवायचं, बघता बघता ट्यूब निवळते, म्हणजे चकत्या तयार झाल्या. मी एकदा वॉटर बाथचं तापमान न बघताच ठेवलं, तासाभराने बघते तर दूध ते दूधच! प्रोटीन किती महाग असतं ते सांगायला नको, त्या दिवशी जेवले नाही मी. म्हणूनच बरेच लोक आता अख्ख्या प्रोटीनऐवजी छोटे पेप्टाइड (प्रोटीनचे तुकडे) वापरतात.

औषधवेडी:
ताई, चकती म्हणजे गोल नाही? मग औषध कुठे बसतं, कोअर (आतला गाभा) तर नाहीच तिच्यात?

ताई_लॅबवाली:
दोन लिपिड थरांच्या मधे, लिपिडच्या तेलकट शेपट्यांमध्ये. त्यामुळे जागा कमी. जास्त भरायचं तर कोलेस्टेरॉल एस्टरचा (कोलेस्टेरॉलचं तेलकट रूप) कोअर असलेला गोल कण बनव, पण त्याला सोनिकेशन (ध्वनिलहरींनी घुसळणं) वगैरे लागतं. सेमिनारला चकतीचंच चित्र काढ, कडेने गुंडाळलेले प्रोटीनचे दोन पट्टे दाखव.