सीआरपी (रक्तातली दाहाची खूण) वाढलेलं, होल्टरमध्ये (दिवसभर लावलेल्या ईसीजीत) एएफ (अलिंदाची अनियमित लय): दाह उतरवला तर लय सुधारते का?

मानेवाडा_रिंगरोड
पुरुष, वय ६२. तीन वर्षांपूर्वी अटॅक, एलएडीत (हृदयाच्या पुढच्या धमनीत) एक स्टेंट. बीपी आहे, शुगर नाही. २४ तासांच्या होल्टरमध्ये पाच तास एएफ, शिवाय १,८४२ व्हीपीसी (हृदयाच्या खालच्या कप्प्यातून अवेळी येणारे ठोके). इकोत ईएफ (हृदयाच्या पंपाची ताकद) ४५ टक्के, डावं अलिंद (हृदयाचा वरचा कप्पा) ४४ मिमी. एचएस-सीआरपी ७.२. चालू गोळ्या: अ‍ॅस्पिरिन ७५, रोसुवास्टॅटिन २०, मेटोप्रोलॉल ५०, रामिप्रिल ५.
रिपोर्ट पाहून एकाने सांगितलं, "अंगात सूज आहे, ती उतरली की ठोके आपोआप लायनीवर येतील." गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक (दुखणं आणि दाह कमी करणारी गोळी) अधूनमधून चालूच असते. तीच रोज घेतली तर दोन्ही कामं होतील का? कार्डिऑलॉजिस्टची तारीख पंधरा दिवसांनी आहे.

लीड_टू
आधी डायक्लोफेनॅक बंद. बाकीचं नंतर वाचा. अटॅक येऊन गेलेल्या माणसासाठी ही गोळी वर्ज्य आहे. युरोपात २०१३ पासून तसं स्पष्ट बजावलेलं आहे. ती मीठ-पाणी अंगात अडवते, त्याने अलिंद आणखी ताणतं. रामिप्रिलसोबत किडनीला त्रास, अ‍ॅस्पिरिनसोबत पोटात रक्तस्राव. गुडघ्याला पॅरासिटामॉल ६५० चालेल, दिवसाला चारपेक्षा जास्त नाही.

सगळा घोळ "सूज" या शब्दाने केलाय. पायावर बोट दाबल्यावर खळगा पडतो ती सूज म्हणजे साचलेलं पाणी. सीआरपी दाखवतं तो दाह, पेशींच्या पातळीवरची धग. लयीशी त्याचं नातं खरं आहे, पण ते दोन टप्प्यांत समजून घ्या.

पहिला टप्पा ताज्या दाहाचा. पेशींमधलं कॅल्शियम नको तेव्हा गळतं आणि भलत्या जागेवरून ठिणगी पडते. एएफमध्ये ती जागा बहुतेकदा फुप्फुसांकडून डाव्या अलिंदात येणाऱ्या शिरांच्या तोंडाशी असते. बोर्दोच्या गटाने १९९८ मध्ये हे दाखवलं. बायपासनंतर दुसऱ्या ते चौथ्या दिवशी एएफ येतं किंवा व्हायरल मायोकार्डायटिसमध्ये (व्हायरसमुळे हृदयाच्या स्नायूला होणाऱ्या दाहात) ठोके बिघडतात, त्यात या ताज्या दाहाचा मोठा वाटा असतो. दाह ओसरला की लयही बऱ्याचदा परत येते.

दुसरा टप्पा व्रणाचा. दाह लांबला की स्नायूच्या जागी तंतू भरतात. बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) मधली गल्ली खोदून ठेवली की गाड्या वळसा घालून उशिरा परत त्याच चौकात येतात, तसा विद्युतप्रवाह व्रणाला वळसा घालून येतो. तोवर आधीचा स्नायू पुन्हा तयार झालेला असतो, आणि चक्र सुरू. ४४ मिमीचं अलिंद आणि अटॅकचा जुना व्रण म्हणजे तुमचा रुग्ण या टप्प्यात आहे. इथे दाह उतरवून तंतू विरघळत नाहीत.

धंतोली_पॅथ
एका ७.२ वर काही ठरवू नका. दातातला पू, लघवीचा संसर्ग, आठवड्यापूर्वीचा ताप, कशानेही एवढं वाढतं. तब्येत ठीक असताना दोन-तीन आठवड्यांनी परत करा. १० च्या वर गेलं तर हृदयाआधी संसर्ग शोधा. एएफचा उपचार सीआरपीवर ठरत नाही.
याहून कामाच्या तपासण्या: टीएसएच (थायरॉइड), पोटॅशियम, मॅग्नेशियम, क्रिएटिनिन (किडनी), हिमोग्लोबिन. पोटॅशियम ४ ते ५ च्या दरम्यान हवं. सुई टोचायच्या आधी पट्टी आवळून मूठ उघडझाप करू देऊ नका, रीडिंग खोटंच जास्त येतं.

लीड_टू
मुख्य मुद्दा राहिला. एएफमध्ये खरी भीती गुठळीची, आणि ती अ‍ॅस्पिरिनने नीट अडत नाही. चॅड्स-व्हॅस्क या गुठळीचा धोका मोजणाऱ्या स्कोअरमध्ये बीपीचा १, अटॅकचा १, म्हणजे २. पुरुषाला २ असले की रक्त पातळ करणारी गोळी सुचवतात, एपिक्सॅबॅन किंवा रिव्हारॉक्सॅबॅन. म्हणून पंधरा दिवस थांबू नका, होल्टरचा रिपोर्ट उद्याच दवाखान्यात पोचवा. स्टेंटला वर्ष उलटून गेलं असेल तर साधारणपणे ती एकच गोळी ठेवून अ‍ॅस्पिरिन काढतात. पण काढायची डॉक्टरांनी, आपल्या मनाने नाही.
इकोत मायट्रल झडप आखडलेली लिहिली आहे का, तेही पाहा. लहानपणीच्या संधिवाती तापाने झडप बरीच आखडली असेल तर स्कोअर बघायचाच नसतो आणि या नव्या गोळ्याही चालत नाहीत. मग अ‍ॅसिट्रॉम किंवा वॉरफरिन, आयएनआर (रक्त गोठण्याचं माप) २ ते ३.
लय सुधारण्यासाठी कोणी फ्लेकेनाइड सुचवलं तर अटॅकची हिस्ट्री सांगा. १९८९ च्या कास्ट अभ्यासात अटॅकनंतर या गोळीने मृत्यू वाढले होते.

तर्री_कमी
भाऊ, व्हीपीसीचा आकडा पाहून घाबरू नका. दिवसाचे ठोके लाखाच्या आसपास, त्यात १,८४२ म्हणजे दोन टक्क्यांच्या आत. १० टक्क्यांपुढे गेलं की काळजी. पण सलग तीन-चार अशा ठोक्यांची माळ लागली का, ते रिपोर्टात नक्की शोधा, कारण ईएफ ४५ आहे.
घरी नाडी मोजायची तर पूर्ण ६० सेकंद मोजा. १५ सेकंद गुणिले चार एएफमध्ये चुकतं. बीपीचं मशीनही गंडतं, तीन वेळा घेऊन सरासरी काढा.
आता नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) येऊन राहिला. पाण्याच्या (लघवी वाढवणाऱ्या) गोळ्या चालू असतील आणि त्यात लू लागून जुलाब झाले, की पोटॅशियम खाली येतं आणि ठोके उसळतात. अशा दिवशी गोळीचं डॉक्टरांना फोन करून विचारायचं. चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, यात फोनही नाही, सरळ कॅज्युअल्टी.

मानेवाडा_रिंगरोड
डायक्लोफेनॅक बंद केली. मग दाहासाठी कोल्चिसिन किंवा हळदीची कॅप्सूल?

लीड_टू
कोल्चिसिन ०.५ मिग्रॅ रोज घेतल्याने पुढचा अटॅक टळण्याची शक्यता वाढते, हे मोठ्या अभ्यासात दिसलंय. एएफसाठी तसा भक्कम पुरावा नाही. किडनी कमजोर असेल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक चालू असेल तर ते विषारी ठरू शकतं. भाजीतली हळद खुशाल खा. कॅप्सूल नको: त्यात बहुतेकदा मिरीचा अर्क असतो, तो औषधं शरीरातून बाहेर पडण्याची गती बदलतो, आणि तुमची रक्त पातळ करणारी गोळी आता सुरू व्हायची आहे.