काळा घोड्याची वॉटसन इमारत: सांगाडा बिडाचा म्हणजे नेमकं काय?

प्रश्न: मुंबईतल्या एस्प्लनेड मॅन्शनच्या, म्हणजे जुन्या वॉटसन इमारतीच्या, भिंती विटांच्या दिसतात, मग तिला ओतीव लोखंडाची (बिडाची) इमारत का म्हणतात? आणि खांबाला भेग पडली तर सरळ वेल्डिंग का करत नाहीत?

विटाचुना: विटा फक्त भरणीच्या आहेत, भार सांगाडा पेलतो. त्याचे भाग इंग्लंडमध्ये तयार करून जहाजाने आणले आणि १८६७ ते १८६९ दरम्यान इथे जोडले. आराखडा इंग्रज अभियंता रोलंड मेसन ऑर्डिशचा. मुळात हे वॉटसन हॉटेल. ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रं ७ जुलै १८९६ ला इथेच दाखवली. ऑफिसं-दुकानं नंतर आली.

बिडाचा_खांब: वेल्डिंगचं विचारलंत ते बरं केलंत, घोळ तिथेच होतो. बिडात कार्बन २ टक्क्यांहून जास्त. दाब झकास सोसतं, ताण नाही. एकाच जागी तापवलं की थंड होताना शेजारी नवी भेग! म्हणून थंड टाका घालतात: भेगेला आडवी भोकं पाडून त्यात निकेल मिश्रधातूच्या चाव्या (भेगेच्या दोन्ही बाजू धरून ठेवणाऱ्या पट्ट्या) ठोकायच्या, मग भेगेच्या रेषेत एकमेकींत शिरणाऱ्या आट्यांच्या पिना बसवायच्या. पण आधी भेग का पडली ते बघा. पोकळ खांबात पाणी साचतं, सांध्यात गंज फुगतो आणि बीड न वाकता एकदम तडकतं.

विटाचुना: आणि वरून पोटमाळे, पाण्याच्या टाक्या! तो भार उतरवल्याशिवाय टाके घालणं फुकट.