विश्रामबाग आधीपासूनच पॉश होतं का?

नवीन_सांगलीकर:
लग्न होऊन दोन वर्षं झाली, सासर सांगलीचं, गावभागात जुनं घर. २०१९ च्या पुरात तळमजला पूर्ण पाण्यात होता म्हणे, म्हणून आता विश्रामबागला फ्लॅट बघतोय आम्ही, तर टू बीएचकेचा रेट ऐकून मला वाटलं चुकून पुण्याच्या एजंटला फोन लागला की काय. आणि घरी आजेसासूबाई म्हणतात, "तिथं कोण राहतंय गं, कोल्ही ओरडतात रात्रीची!" मग हा भाग एवढा भारी झाला कधी? कुणी जुन्या लोकांनी सांगा प्लीज.

गावभागचा_काका:
आज्जींना साष्टांग नमस्कार सांग, बरोबर बोलतायत त्या. आमच्या लहानपणी सांगली म्हणजे राजवाडा, गणपती मंदिर, पेठभाग, खणभाग आणि घाट. पटवर्धनांच्या संस्थानचं गाव ते, वकील, डॉक्टर, सावकार सगळे गावभागात, म्हणजे त्या काळी पॉश तुमचं सासरच होतं! विश्रामबाग मिरज रोडवर, गावाच्या बाहेर. पलीकडं वान्लेसवाडी, तिथं टीबीचं सॅनिटोरियम. मिरज मिशन हॉस्पिटलवाल्या डॉ. वान्लेस यांच्या नावाची वाडी ती. आता टीबीच्या पेशंटला ठेवायचं म्हणजे मोकळी कोरडी हवा पाहिजे आणि गावापासून लांब पाहिजे, त्यावरनंच समजून घ्या तिकडं किती वस्ती असंल ते. जी हवा तेव्हा पेशंटसाठी शोधली तीच आता ब्रोशरमध्ये "ओपन अॅटमॉस्फिअर" म्हणून छापतात.

वालचंद_९४_मेक:
काकांचं बरोबर आहे पण एक राहिलं, कॉलेजं. विलिंग्डन १९१९ चं, डेक्कन एज्युकेशन सोसायटीचं, फर्ग्युसनवाल्यांचंच भावंड. कन्नडचे मोठे कवी वि. कृ. गोकाक तिथं प्रिन्सिपल होते, पुढं त्यांना ज्ञानपीठ मिळालं. पु. ल. पण एम. ए. ला विलिंग्डनलाच होते. मग १९४७ ला धोंडूमामा साठ्यांनी इंजिनिअरिंग कॉलेज काढलं, तेच १९५५ ला वालचंद झालं. आता दोन कॉलेजं म्हटल्यावर प्रोफेसर आले, त्यांना रोज गावातनं सायकल मारत यायचा कंटाळा, मग सोसायट्या, प्लॉट, समोर बाग, मागं नारळ, गेटवर पितळी पाटी. आमचे एक सर बंगल्याच्या व्हरांड्यात शिकवणी घ्यायचे, चहा कधी दिला नाही पण आंबे द्यायचे. म्हणजे सुरुवातीला इथला श्रीमंत माणूस म्हणजे पगारदार बरं का, हळद-बेदाण्याचे व्यापारी नंतर आले.

नवीन_सांगलीकर:
वा मस्त! पण मग व्यापारी गाव सोडून इकडं का आले? दुकानं तर अजून मारुती रोड, गणपती पेठेतच आहेत ना.

कृष्णाकाठी_मी:
ताई, त्याचं उत्तर कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर फुटात लिहिलेलं असतं, पाणी किती चढलं ते 😀 धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ ला पाणी ५३ च्या वर गेलं, हरिपूरची हळदीची पेवं (हळद साठवायची जमिनीतली कोठारं) बुडाली, तरी लोक म्हणाले असा पूर परत नाही यायचा. २०१९ ला ५७ च्या पण वर गेलं! आमच्या घरात आधी जिन्याच्या तीन पायऱ्या, मग सात, मग मोजायचं सोडलं आणि बोटीत बसलो. विश्रामबागला मावशीकडं गेलो तर तिथं लाईट होती, दूधवाला आला होता, लोक फिरायला निघालेले, मला रडूच आलं. २०२१ ला परत तेच. त्यानंतर आमच्या गल्लीतल्या निम्म्या घरांनी दुकान गावात आणि झोपायला विश्रामबाग, विजयनगर, नेमिनाथनगर असं केलंय. कलेक्टर ऑफिस पण विजयनगरलाच नेलंय, गाव नदीकडं पाठ करून मिरजेकडं सरकतंय. रेट त्याचा आहे, बागेचा नाही.

शंभरफुटीवाला:
लई कौतुक चाललंय म्हणून सांगतो. नदीचं पाणी येत नाही हे खरं, पण काळी माती आहे आपल्याकडं, पाणी लवकर मुरत नाही. तासभर जोरात पाऊस पडला की बऱ्याच गल्ल्यांत गुडघाभर पाणी, शामरावनगरकडं तर विचारूच नका. आमच्या बिल्डरनं पार्किंग खाली खणून दिलंय, पावसाळ्यात गाड्या रस्त्यावर आणि पार्किंगमध्ये बेडकं. बुकिंग करायच्या आधी जुलैत एकदा येऊन बघा. आणि जुने बंगले पाडून अपार्टमेंट चाललेत, ती शांतता बिंतता आता संध्याकाळी विश्रामबाग चौकात उभं राहून शोधा.

गावभागचा_काका:
अहो पण गावभागात संध्याकाळी गणपतीची आरती घरात बसून ऐकू येते, त्याचा रेट कोण लावणार. आम्ही तर वरचा मजला चढवला आणि तिथंच आहे.

नवीन_सांगलीकर:
आजींना सगळे रिप्लाय वाचून दाखवले. सॅनिटोरियमचं ऐकून म्हणाल्या, "बघ, मी म्हटलं नव्हतं?" फ्लॅट तिसऱ्या मजल्यावरचा बघायला सांगितलाय 😅 आणि कोल्ही दिसली तर फोन कर म्हणाल्यात.