‘डिसेबल’ही बंद आणि ‘रिजेक्ट’ही बंद?

पाटीपेन्सिल: लिनक्सवर प्रिंटर कसा जोडायचा ते शाळेतल्या शिक्षकांसाठी मराठीत लिहितेय. कप्समध्ये, म्हणजे लिनक्सवर छपाई सांभाळणाऱ्या प्रणालीत, दोन आज्ञा आहेत. ‘कप्सडिसेबल’ दिली की छपाई थांबते, पण नवी कामं रांगेत येतच राहतात. ‘कप्सरिजेक्ट’चं उलट: नवं काम घेत नाही, आधीचं मात्र छापून देतो. मी दोन्हीकडे ‘बंद करा’ लिहिलं. एका सरांनी कागद संपला म्हणून प्रिंटर ‘बंद’ केला, मुलं प्रिंट देत राहिली, आणि सुरू केल्यावर तेच पान तीसेक वेळा बाहेर आलं. चूक माझ्या शब्दाची. दोन वेगळे शब्द हवेत.

जुळारी: रेशनचा दुकानदार जेवायला गेला तरी रांग वाढते, ते पहिलं. ‘आता मागे कुणी उभं राहू नका’, हे दुसरं. सरळ ‘छपाई थांबवा’ आणि ‘नवं काम घेऊ नका’ लिहा. आणि प्रिंटरला ‘मुद्रक’ म्हणू नका. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवायचे. मुद्रक म्हणजे वर्तमानपत्राच्या तळाशी ज्याचं नाव छापतात तो माणूस.

अनुस्वार: बटणावर वाक्यं मावत नाहीत. ‘स्थगित’ आणि ‘नकार’ घ्या. ड्रायव्हरलाही ‘सारथी’ म्हणा, ‘सरथ’वरून आलेला नेमका शब्द आहे. ‘महापौर’ घडवलेलाच होता, आज कुणाला खटकतो?

लॅबवाला: सारथी रथ हाकतो. हा ड्रायव्हर काहीच हाकत नाही, आपलं पान प्रिंटरच्या भाषेत सांगतो. म्हणायचंच तर दुभाषा म्हणा. पीपीडी फाइलमध्ये तर नुसतं प्रिंटरचं वर्णन असतं: ट्रे किती, कागद कोणता, दोन्ही बाजूंनी छापतो का. आता तीही मागे पडतेय. प्रिंटर जोडायच्या आज्ञेला, म्हणजे ‘एलपीअ‍ॅडमिन’ला ‘-एम एव्हरीव्हेअर’ दिलं की नवा प्रिंटर स्वतःच आपली माहिती सांगतो. शिक्षकांना ‘ड्रायव्हर’ कळतो, तोच राहू दे.

अनुस्वार: कळतो कारण दुसरा कधी दिलाच नाही.

पाटीपेन्सिल: ‘स्थगित’ चालेल. ‘नकार’ वाचून मात्र बिघाड झाल्यासारखं वाटतं. आणि ‘स्पूल’चं काय करू? कामं आधी डिस्कवर साठतात, तो फोल्डर.

धोटा: ‘कांडी’! आमच्या इचलकरंजीत मागावरची सुताची कांडी संपायच्या आत दुसरी भरून तयार लागते. इथेही तेच, यंत्राच्या वेगाने पुरवायचा माल आधी भरून ठेवायचा.

लॅबवाला: हा मात्र खरा शब्द.

जुळारी: शब्द गोड आहे, पण कांडीवर शेवटी गुंडाळलेलं सूत आधी सुटतं. रांगेत आधी आलेलं आधी जातं.

धोटा: मग इंग्रजीतला स्पूल तरी कुठे वेगळा आहे? तोही रीळच.