रात्री तळपायांची आग, सकाळी तोल जातो: प्रीगॅबालिन बंद करावी का?

प्रश्न
वडील ६६ वर्षांचे, मधुमेह १५ वर्षं, मेटफॉर्मिन दिवसाला २ ग्रॅम. दिवसा पाय बधिर असतात, चप्पल निसटलेली कळत नाही. रात्री मात्र मुंग्या आणि आग. चादर लागली तरी सहन होत नाही. प्रीगॅबालिन (नसांच्या दुखण्याची गोळी) ७५ मिलिग्रॅम रात्री चालू करून पाच दिवस झाले. आराम नाही, वर सकाळी तोल जातो. गोळी बंद करू का? गरम पाण्यात मीठ घालून शेकलं तर चालेल का?

प्रतिसाद १
मनाने बंद करू नका. पाच दिवसांत या गोळीचा निकाल लागत नाही, योग्य डोसवर काही आठवडे द्यावे लागतात. गुंगी बहुतेकांची एक-दोन आठवड्यांत उतरते. पण या वयात पडणं परवडत नाही, म्हणून २५ किंवा ५० पासून सुरुवात करता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. रात्री लघवीला उठताना दिवा लावलेला असू द्या. झोपेची गोळी किंवा दारू सोबत अजिबात नको. पुढे कधी बंद करायची ठरलीच, तर किमान आठवडाभरात हळूहळू उतरवतात.

क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) किती आहे? हे औषध जवळजवळ जसंच्या तसं लघवीवाटे बाहेर पडतं. किडनी मंद असेल तर ते अंगात साठतं.

प्रतिसाद २
बी१२ (नसांना लागणारं जीवनसत्त्व) तपासलंय का? मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की ते घटतं, शाकाहारी माणसात जास्तच. बी१२चं इंजेक्शन टोचण्याआधी रक्त द्या, नाहीतर आकडा फुगलेला येतो आणि खरं कळत नाही. मिलिलिटरमागे २०० पिकोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता. त्याच्या किंचित वर असेल तर होमोसिस्टीन बघतात, बी१२ कमी पडलं की रक्तात वाढणारा घटक.

आणि घरातल्या सगळ्या ‘नसांच्या गोळ्यां’ची पाकिटं उलटी करून पायरिडॉक्सिन वाचा. तेच बी६. दोन-तीन ब्रँड एकत्र चालू असले की ते जास्त होतं, आणि जास्त बी६ स्वतःच नसा बिघडवतं. मग मुंग्या वाढल्या म्हणून आणखी एक गोळी सुरू होते.

प्रतिसाद ३
शेक नको. बधिर तळपायाला चटका कळत नाही. फोड येतो तेव्हाच दिसतं. गरम पाण्याची पिशवीही नको. पाय धुवायचं पाणीसुद्धा आधी घरातल्या दुसऱ्या कोणीतरी कोपराने बघावं.

चादरीचा त्रास असेल तर पायथ्याशी पुठ्ठ्याचा खोका आडवा ठेवून चादर त्यावरून सोडा, पायाला टेकणार नाही. कॅप्सेसिन ०.०७५ टक्के क्रीम दिवसातून तीन-चार वेळा लावतात. सुरुवातीला आग वाढते, तिथेच बहुतेक जण सोडून देतात. लावल्यावर हात साबणाने धुवा. भेग किंवा जखम असेल तिथे लावू नका.

मागे पट्टा असलेली एमसीआर (मऊ रबराच्या तळव्याची) चप्पल घ्या, घरातही. रोज रात्री आरशात तळवा, बोटांच्या बेचक्या बघा. एक पाय अचानक गरम, लाल, सुजलेला दिसला तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी दाखवा.

प्रश्नकर्ता
क्रिएटिनिन १.६ आलंय, तीन महिन्यांपूर्वी.

प्रतिसाद १
मग आजच फोन करून हा आकडा सांगा. अशा किडनीला डोस साधारण निम्म्यावर ठेवतात. तुम्ही ७५ च्या वर जाऊच नका. नवीन क्रिएटिनिन आणि ईजीएफआर (किडनी किती गाळते तो आकडा) करून घ्या. ईजीएफआर ४५ च्या खाली असेल तर २ ग्रॅम मेटफॉर्मिनही कमी करावं लागेल. दुखतं म्हणून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन देऊ नका. या दुखण्यावर त्यांचा उपयोग होत नाही, किडनीला मात्र मार बसतो.